पुरे कधी म्हणावे?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत विखुरलेल्या आमच्या धर्मग्रामात कुटुंबे थोडी आणि अंतरे फार. एका घरातून दुसऱ्या घरी जायचे म्हटले की मध्ये एखादा घाट, एखाद्या धरणाचा फुगवटा किंवा उसाचे रान आडवे येते. अशा ठिकाणी फादर वर्षातून चार-दोनदाच येणार. तेव्हा आलेल्या फादरला रिकाम्या पोटी परत पाठविण्याची रीत या मुलुखात नाही. नारायणगावच्या बाजूला मासवडी आणि तिचा झणझणीत रस्सा, जुन्नरकडे हुलग्याची शेंगोळी, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात तांदळाची भाकरी, आणि सर्वत्र साखरेने दाट झालेला चहा. घरांना आशीर्वाद देण्याच्या आठवड्यात दिवसाला बारा घरे म्हणजे बारा कप चहा! 'नको' म्हटले तर त्या घराचा मान मोडतो, असे आम्ही स्वतःस समजावीत आलो. खरे सांगायचे तर, नको म्हणावेसे वाटतही नव्हते.

या आदरातिथ्याचा हिशेब २०२२ च्या जून महिन्यात आमच्यापुढे आला. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८३ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर, आणि उपाशीपोटीची साखर ११८. नारायणगावचे आमचे डॉक्टर हे मितभाषी गृहस्थ. कागदावरून नजर न उचलता ते म्हणाले, "फादर, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहात. आत जायचे की मागे फिरायचे, हे अजून तुमच्या हाती आहे."

मागे कसे फिरायचे तेही त्यांनी सांगितले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात उंबरठ्यावरच्या अशाच माणसांना दोन उद्दिष्टे दिली होती: वजन सात टक्क्यांनी उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे. एवढ्या प्रयत्नाने त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या. पहिली: आधी ७७ किलो. दुसरी: मग सावकाश ६६ पर्यंत. तिसरी: कंबर उंचीच्या निम्म्यावर, म्हणजे ८४ वर आली की मला येऊन भेटणे.

पहिल्या दोन ओळी आम्ही अक्षरशः पाळल्या. तिसरीकडे आम्ही पाहिलेच नाही. हा लेख त्या तिसऱ्या ओळीविषयी आहे.

वजन उतरविण्याच्या युक्त्यांना आपल्याकडे तोटा नाही. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात गावोगाव त्यांची चर्चा होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत, थोडे थोडे, ठरावीक अंतराने आणि आपल्या मातीतले खा. दोन्ही बाजूंचे अनुयायी लग्नाच्या पंगतीतदेखील वाद घालीत. आम्ही दोन वेळांचा मार्ग धरला, चहातली साखर सोडली, आणि चालू लागलो. त्यातही एक अडचण होतीच. डॉक्टर म्हणाले होते, पहाटे चालावे. पण जुन्नरच्या उसात पहाट ही बिबट्याची वेळ. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र आम्हांला जवळचे आहे, तरी त्यातील रहिवाशांच्या भाऊबंदांशी वाटेत गाठ पडावी अशी इच्छा नव्हती. म्हणून सूर्य पुरता वर आल्यावर, हातात काठी घेऊन आम्ही निघत असू. आठ महिन्यांत १७ किलो उतरले. २०२३ च्या फेब्रुवारीत काटा ६६ वर आला, कंबर ८४ भरली, आणि साखर ९४ झाली.

त्या दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे होते. पण २२ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आला आणि आमच्या मनाने एक पवित्र सबब शोधून काढली. प्रायश्चित्तकाळात कुणी उपवास थांबवितो काय? चाळीस दिवस झाले, ९ एप्रिलला ईस्टर झाला. ख्रिस्तसभेचा उपवास सुटला, आमचा काही सुटेना. वजन ६२ झाले. पुण्यात धर्मगुरूंच्या मेळाव्यात जुने सोबती म्हणाले, "अहो, अर्धे झालात की!" मंचरच्या शिंप्याने पांढरा झगा एकदा आत घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. दुसऱ्या वेळी त्याने काळजीने विचारले, "फादर, आणखी आत घ्यायचा आहे का?" आम्ही हसून मान हलविली. त्या हसण्यात किती अहंकार होता, हे आज लिहिताना लाज वाटते. इतरांना जे साधत नाही ते आम्हांला साधले होते, आणि प्रत्येक सोमवारी काटा आमच्या बाजूने कौल देत होता. नोव्हेंबर संपता संपता तो ५७ वर आला.

या काळात आमच्यात काही बदल होत होते. पण त्यांना आम्ही तपाची फळे समजत होतो. कार्तिकातल्या साध्या थंडीत दोन स्वेटर लागू लागले. झोप तीन वाजता मोडे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने तोच प्रश्न दोनदा विचारला म्हणून आम्ही त्याच्यावर ओरडलो, तो रडला. आणि प्रार्थनाविधी वाचताना चित्त स्तोत्रात नसे, शेंगोळीत असे. घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी ताट उचलताना रोज म्हणत, "फादर, आज पण भाकरी तशीच राहिली." त्यांना आम्ही संयमाचे महत्त्व पटवून देत होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या तयारीसाठी, आंबेगावच्या पश्चिम भागातील एका वाडीवर निघालो होतो. रस्ता संपल्यावर पाऊण तासाची चढण आहे. वर्षानुवर्षे, ८३ किलोंचे ओझे घेऊनही, ती आम्ही चढलो होतो. त्या दिवशी अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय लटपटले आणि आम्ही बांधावर बसलो तो बसूनच राहिलो. मागून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी येत होती. महादेव कोळी समाजातील, सत्तरीच्या पुढची. तिने मोळी खाली टाकली, आमचा हात धरून जवळच्या अंगणवाडीच्या ओट्यावर नेऊन बसविले आणि कुठून तरी गुळाचा खडा नि पाणी आणून दिले. मग समोर उकिडवी बसून आमच्याकडे निरखून पाहत तिने विचारले,

"बाबा, घरात खायला न्हाई का?"

त्या प्रश्नात उपहासाचा अंशही नव्हता. या डोंगरात माणूस वाळतो तो दोनच कारणांनी: दुखण्याने, नाही तर दाणे संपल्याने. पोट भरलेले असताना, घरात दाणे असताना, माणूस हौसेने एवढा वाळतो, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हांला उत्तर देता आले नाही.

त्याच ओट्यावर त्या दिवशी मुलांची वजने चालली होती. वाशाला टांगलेला घड्याळासारखा काटा, त्याखाली झोळी, आणि झोळीत हातपाय झाडणारे लेकरू. अंगणवाडीच्या बाईंनी आकडा पाहिला, तक्त्यावर टिंब दिले, आणि बाळाच्या आईला म्हणाल्या, "आलं गं हिरव्यात!" त्या माउलीचा चेहरा उजळला. आम्ही तो तक्ता मागून घेतला. त्यावर वर हिरवा पट्टा, खाली पिवळा आणि त्याखाली नारिंगी. मुलाची रेघ कोणत्या पट्ट्यात चालावी, कोठे काळजी करावी, कोठे धाव घ्यावी, हे सारे आधीच आखलेले. त्या दीड वर्षाच्या बालकाला पट्टा होता. पंचावन्न वर्षांच्या फादरला नव्हता. आमच्या कागदावर एकच बाण होता, आणि तो खालच्या दिशेने जात होता.

दुसऱ्याच दिवशी दहा महिन्यांच्या विलंबाने ती तिसरी ओळ आम्ही पाळली.

डॉक्टरांनी आम्हांला काट्यावर उभे केलेच नाही. म्हणाले, "हातांचा आधार न घेता या खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवा." तिसऱ्या वेळी मांड्या थरथरू लागल्या. मग त्यांनी समजाविले. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे आमच्या उंचीला ५७ किलोही निरोगीच ठरते. पण तक्ता वजन मोजतो, ते वजन कशाचे आहे हे मोजीत नाही. अपुऱ्या अन्नाने, विशेषतः प्रथिनांवाचून जे वजन उतरते, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. साधारणपणे पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक. पन्नाशीनंतर गेलेला स्नायू सहजासहजी परत येत नाही.

आम्हां भारतीयांना तर हा धोका अधिक, आणि तो जगाला दाखवून दिला तो पुण्याच्याच एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त! पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांचा याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. इतक्या लहान जिवांत स्नायू कमी भरले, पण चरबी मात्र तुलनेने टिकून राहिली. म्हणजे आपण स्नायूंचे भांडवल मुळातच थोडे घेऊन येतो. ते राखले नाही, तर काटा कितीही खाली गेला तरी आपण निरोगी होत नाही, नुसतेच दुर्बल होतो. "म्हणूनच मी कंबर लिहिली होती," डॉक्टर म्हणाले, "आणि म्हणूनच भेटा असे लिहिले होते."

आमच्या चिडचिडीचेही कोडे त्यांनी उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. हे तरुण सद्सद्विवेकापोटी शस्त्र धरण्यास नकार दिलेले होते. युद्धाने उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे पोसावे हे कळावे म्हणून ते स्वेच्छेने पुढे आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे, ते चिडत, खिन्न होत आणि पाककृतींची पुस्तके वाचीत बसत. शरीर आपला खर्च आखडते आणि मनाला अन्नाकडे ओढते. त्यात अध्यात्म काही नाही. आम्ही ज्याला तप समजत होतो, ते शरीराचे गाऱ्हाणे होते.

परतताना वाटेत विचार करीत होतो. ज्या मुलुखात आम्ही राहतो, तेथे उपवासाचा इतिहास दगडात कोरलेला आहे. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणे यांची लांबलचक यादी त्यात आहे. आणि त्याच लेखात महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीप्रमाणे जगणारी, असा राणीचा गौरव आहे. तेथून काही कोसांवर लेण्याद्रीची बौद्ध लेणी. ज्यांच्या अनुयायांसाठी ती खोदली गेली, त्या गौतम बुद्धांची परंपरेने सांगितलेली कथा दुसरी बाजू दाखविते: सहा वर्षांच्या कठोर देहदंडाने काही हाती लागले नाही, तेव्हा त्यांनी सुजातेच्या हातची खीर घेतली आणि मधला मार्ग धरला. एकाच तालुक्यात उपवास आरंभण्याचे पुण्यही कोरलेले आहे आणि तो थांबविण्याचे शहाणपणही.

आणि आमच्या घरात काय उणे होते? १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे उपवासाचे बंधनकारक दिवस वर्षात दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, आणि साठावे वर्ष लागले की तेही बंधन सुटते. माता ख्रिस्तसभेने उपवासालाही कुंपण घातले आहे. संत इग्नाशियस लोयोला यांनी १५२२ साली मान्रेसा येथे इतके कडक उपवास केले की त्यांची प्रकृती कायमची बिघडली. पुढे त्यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात खाण्यापिण्याविषयी आठ नियम घातले. त्यांतील चौथ्याचा आशय असा, की आजार ओढवणार नाही इतपत जेवण कमी करीत गेल्याने माणसाला आपले योग्य प्रमाण सापडते. आणि नित्याच्या साधनेला बळ पुरत नाही असे दिसले, तर त्यावरूनच आपल्याला काय आवश्यक आहे ते त्याला कळते. कमी करणे हे प्रमाण शोधण्यासाठी. प्रमाण सापडले की शोध संपला! पुण्याच्या गुरुविद्यालयात तरुणपणी हे नियम आम्ही ऐकले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

परतीचा प्रवास उतरणीपेक्षा अवघड निघाला. डॉक्टरांनी नवा पट्टा आखून दिला: ६३ ते ६५ किलो. सहा किलो परत मिळवायचे, पण ते मासवडीच्या पंगतीत नव्हे. दर आठवड्याला अर्धी भाकरी जास्त. दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ. रोज अंडी, दूध, मूठभर शेंगदाणे. आणि चालण्याच्या जोडीला ओझे उचलणे. बागेला पाणी घालण्याच्या बादल्या आम्ही पुन्हा हाती घेतल्या. पहिल्यांदा काटा वर सरकला, तेव्हा पाप घडल्यासारखे वाटले. एवढी त्या काट्याने मनाची पकड घेतली होती. शिवाय शरीरही सहकार्य करीत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की वजन उतरविल्यानंतर वर्ष लोटले तरी भूक वाढविणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच राहतात. म्हणजे उतरलेल्या माणसाला सुट्टी नाही. एका बाजूला पूर्वीचा खड्डा, दुसऱ्या बाजूला नवा. डॉक्टर म्हणाले, "फादर, आतापर्यंत तुम्ही उतरत होता. आता एका जागी उभे राहायचे आहे. लोक उतरणाऱ्याचे कौतुक करतात, उभ्या राहणाऱ्याचे कुणी करीत नाही."

२०२४ च्या एप्रिलमध्ये नारायणगावजवळच्या एका द्राक्षबागेत गेलो होतो. बागेचे मालक तात्या आमच्याहून वडील, आणि बोलण्यात मोकळे. खरड छाटणी नुकतीच झाली होती. वेलींवर एक पान शिल्लक नव्हते. प्रभूच्या मुखातील द्राक्षवेलीच्या दृष्टान्तावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील! म्हणून तात्यांना म्हणालो, "छाटणी हीच खरी कला, नाही का?"

तात्या हसले. "छाटणारे मजूर आठवड्यासाठी येतात, फादर. छाटून निघून जातात. कला त्याच्या पुढे. आता कात्री खुंटीला टांगायची आणि वर्षभर वेल जगवायचा. पाणी किती, खत किती, कोणती फूट ठेवायची. पानं जास्त झाली तर रोग, कमी झाली तर घड पोसायचा कुणी? छाटायचा नाद लागलेल्या माणसाला बाग देऊ नये."

प्रवचनात आम्ही नेहमी कात्रीविषयीच बोललो होतो. फळासाठी छाटणी असते. छाटणीसाठी वेल नसतो.

आज हे लिहिताना आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दर सोमवारी एक आकडा लिहिलेला आहे. ६३ आणि ६५ यांच्यामध्ये तो काय वाटेल ते करो, आम्ही त्याच्याशी बोलत नाही. ६५ ओलांडले तर आठवडाभर गोड बंद. ६३ च्या खाली गेले तर मावशी विजयी मुद्रेने ताटात भाकरी वाढतात. कंबर ८४, साखर ९६. घरांना आशीर्वाद द्यायला गेलो की आता पहिल्याच घरी सांगतो, "चहा बिनसाखरेचा, आणि अर्धा कप." अजून कुणाचा मान मोडलेला नाही.

वाचकहो, कमी करण्याचा संकल्प ज्याने सोडला असेल, त्याने पहिल्याच दिवशी दुसरा एक आकडाही लिहून ठेवावा, जेथे थांबायचे तो. आणि तो एखाद्या जाणत्या माणसाच्या हाती द्यावा, कारण तेथे पोहोचल्यावर आपले मन आपले उरत नाही. काट्याचे ऐकावे, पण कामाचेही ऐकावे. चढ चढवतो का, झोप लागते का, लेकराचा तोच प्रश्न दुसऱ्यांदा शांतपणे ऐकवतो का? ही उत्तरे होकारार्थी असताना जे वजन असेल, ते आपले वजन.

गेल्या नाताळात त्याच वाडीवर गेलो. चढण न थांबता चढलो. म्हातारी अंगणात हिरडा निवडीत बसली होती. तिने कपाळावर हात धरून आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आता बरं दिसताय बाबा," ती म्हणाली. "येवढंच ऱ्हावा."